इंग्रजी पोथी

"मले इंग्रजी येत नाही, मनकर्णाबाई," रहेमतुल्ला म्हणाला. उभ्या जन्मात हे वाक्य त्याने पहिल्यांदाच उच्चारले, आणि नेमके तेच समोरच्या बाईला खरे वाटेना.

मनकर्णाबाई भर दुपारच्या फुफाट्यातून अनवाणी आली होती. पदराखाली लाल फडक्यात गुंडाळलेले पुस्तक तिने छातीशी धरले होते.

"माह्या घरी यायचं नसंन तर तसं सांगा चाचा," ती म्हणाली. "पन येत नाही म्हणू नका."

मोताळ्याजवळच्या त्या खेड्यात रहेमतुल्ला म्हणजे इंग्रजीवाले चाचा. जवानीत तो शेगावला सरकी काढायच्या एका जिनात कापसाच्या गाठींवर काळ्या रंगाने इंग्रजी अक्षरे काढायचा. अक्षरे सगळी येत. ती एकमेकांना जोडली की काय होते, हे त्याला कोणी शिकवले नव्हते. वासरांत लंगडी गाय शहाणी, तसे गावाने त्याला विद्वान ठरवून टाकले. कोणाची तार आली की तो टपालवाल्याला बाजूला घेऊन मजकूर विचारून घेई, मग चष्मा लावून चारचौघांत खडखडीत वाची. फुकटचा मान कोणाला नको असतो? त्यालाही तो गोड लागला.

हे पुस्तक मनकर्णाबाईच्या कडूबाचे होते. आधीची लेकरे जगली नाहीत, म्हणून याचे नाव कडू ठेवलेले. मरणाने तोंड लावू नये म्हणून. पोरगा बुलढाण्याच्या हायस्कुलात शिकत होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत वाचायला मास्तरांनी प्रत्येकाला एकेक पुस्तक दिले होते, आणि शाळा उघडली की त्यातली गोष्ट उभे राहून सांगायची होती. कडूबा रोज दिवेलागणीला मोठ्याने वाचायचा. मनकर्णाबाईच्या लेखी पुस्तक म्हणजे पोथी. ती पाट मांडायची, पुस्तकावर फूल वाहायची आणि हात जोडून बसायची. पोरगा हसायचा, पण वाचून झाले की अर्थ सांगायचा. एक जहाज बर्फात अडकले होते. खलाशी घरी पोचतील ना, हे ती रोज विचारायची. अजून तिथवर आलो नाही, असे तो सांगायचा.

निम्मे पुस्तक झाले आणि त्याला मुदतीचा ताप आला. डॉक्टरांनी मान हलवली, डोक्यावर बर्फ ठेवून पाहा म्हणाले. कडूबाचे वडील उत्तमराव पहाटेच बैलगाडी जुंपून मलकापूर स्टेशनावर बर्फ आणायला गेले होते. मनकर्णाबाईने मात्र दुखण्याचे मूळ स्वतःच शोधून काढले होते.

"लावलेली पोथी अर्धी राह्यली चाचा. पोथी मोडू नये. ते पुरी झाली का माहा कडू उठंन."

गावात वाचणारे दुसरे कोणी नव्हते. शाळामास्तर सुट्टीत आपल्या गावी गेले होते, पटवारी दौऱ्यावर. रहेमतुल्ला उठला. आयुष्यभर मिरवलेली लबाडी अशी वसुलीला येईल, असे त्याला कधी वाटले नव्हते.

दाराशी तिने त्याला पाय धुवायला पाणी दिले. एकदा बसले की पोथीतून उठायचे नाही, असेही सांगितले. कडूबा बाजेवर डोळे मिटून पडला होता, ओठ सुकून फाटले होते. मोरपिसाची खूण होती ते पान रहेमतुल्लाने उघडले. मुंग्या चालाव्यात तशी अक्षरे. त्यातला एक लहानसा शब्द त्याने पकडला.

"आय, सी, ई," तो पुटपुटला. मग धीर करून मोठ्याने म्हणाला, "इके."

"आईस, चाचा," बाजेवरून आवाज आला. "बरफ."

मनकर्णाबाईने पदर तोंडाला लावला. सकाळपासून पोरगा बोलला नव्हता.

रहेमतुल्ला पुढे वाचू लागला. एकही शब्द धड येत नव्हता, आणि कडूबा जमेल तेवढे दुरुस्त करत होता. आईला त्यात वावगे काही दिसले नाही. पोथीत एक सांगतो, दुसरा साथ देतो.

थोड्या वेळाने कडूबाने डोळे किलकिले केले. "चाचा, तुमाले खरंच येत नाही?"

"नाही बेटा."

"वाचा. मी सांगतो."

आयुष्यात पहिल्यांदा रहेमतुल्लाला कोणी वाचायला शिकवत होते. तो एकेका अक्षरावर बोट ठेवत चालला. दुरुस्त्या आधी दर शब्दाला येत होत्या, मग ओळीला एखादी, मग नुसते ओठ हलायचे.

ऊन कलले. दारात बैलांचे घुंगरू वाजले आणि उत्तमराव तरटाचे पोते उराशी धरून आत आले. पोत्यातून पाणी गळत होते. आत ओला भुसा तेवढा उरला होता. मनकर्णाबाईने वळून पाहिले नाही. पोथीतून उठायचे नव्हते.

रहेमतुल्लाने बाजेकडे पाहिले. कडूबाचे ओठ हलत नव्हते. त्याने घाईघाईने पानावर बोट फिरवले आणि तो एकच ओळखीचा शब्द शोधून काढला. आता तो त्याला येत होता. अगदी बरोबर येत होता.

"इके," तो मोठ्याने म्हणाला आणि थांबला.

"थांबू नका चाचा," मनकर्णाबाई म्हणाली. "पानं बाकी हायेत."

"इके," रहेमतुल्लाने पुन्हा वाचले, आणि बाजेकडे कान लावून बसला.