पाठवलेले जीव

सिनेमाचा खरा निकाल दारात लागतो. पेपरात काय छापून यायचं ते येवो. खेळ सुटला की कचऱ्याचा डबा घेऊन मी दारात उभी राहते, आणि बाहेर पडणारा माणूस पहिल्या दहा पावलांत जे बोलतो तेच खरं. कोरियातल्या गुनसानच्या आमच्या थिएटरात, बाजाराच्या वर तिसऱ्या मजल्यावर, एकतीस वर्षं मी हे ऐकत आले आहे. आधी एकच मोठा पडदा होता, आता पाच छोटे आहेत. मी मात्र तीच, सगळ्यांची मेंग मावशी.

‘चांदणगोदी’चा पहिला भाग लागला तेव्हा लोक दारात काही बोलतच नव्हते. नाक ओढत सरळ जिन्याकडे जायचे. अवकाशातलं एक म्हातारं मालवाहू जहाज आपल्या माणसांची वाट बघत थांबून राहतं, एवढीच गोष्ट. देशभरात सव्वा कोटी डोकी झाली. सहा वर्षांनी दुसरा भाग आला आणि पहिल्याच दिवशी दारात सुरू झालं.

“झोप मस्त झाली बुवा.”

“पहिल्याची चवसुद्धा घालवली यांनी.”

“काउंटरवरचा लोण्यात भाजलेला माकूळ तेवढा चांगला होता.”

सगळ्यात जास्त शिव्या खाल्ल्या त्या जहाजाच्या आवाजाने. “यंत्राकडून करून घेतलाय सरळसरळ. माणूस ठेवायला परवडलं नसेल.” शेवटी जहाज विझत जातं, सगळा पडदा अंधारतो आणि ते आपल्या कप्तानाला म्हणतं, “मी... इथेच आहे. दार... उघडं ठेवलंय.” लिहिणाऱ्याला वाटलं असेल लोक रडतील. लोक खो खो हसले. चार दिवसांत ते वाक्य गावभर झालं. पॉपकॉर्नच्या काउंटरवरची पोरं म्हणायची, “मी... संडासातच आहे. दार... उघडं ठेवलंय.” मीही हसले. खोटं कशाला बोलू, पोट धरून हसले.

त्या सिनेमाला रोज येणारा माणूस एकच, एक आजोबा. सकाळी आठ वीसचा खेळ, पाच नंबरचा पडदा, चौथ्या रांगेतली कडेची खुर्ची. अंगात गोदी कामगाराचं जुनं निळं जाकीट, कोपरावर ठिणग्यांनी पडलेली भोकं. नावं संपून दिवे लागेपर्यंत बसायचे, मग मला वाकून नमस्कार करून जायचे. मला वाटलं, डोक्याने थोडे सरकलेले असतील, नाहीतर घरात ऊब मिळत नसेल.

आठव्या दिवशी मला लहर आली. दार धरलं होतं, ते बाहेर येत होते. मी नाकात बोलले, “आजोबा, मी... इथेच आहे. दार... उघडं ठेवलंय.”

ते थांबले. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी माझ्या तोंडाकडे असं पाहिलं की जणू मी खरंच कुणाची तरी हाक त्यांच्यापर्यंत पोचवली होती.

“छान करता तुम्ही,” ते म्हणाले. “पण ‘इथेच’च्या आधी ती जास्त थांबते. श्वास पुरायचा नाही ना तिला.”

“कुणाला?”

“यो-उलला. माझी मुलगी. ते जहाज म्हणजे तीच.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांना बाकड्यावर बसवलं, मशीनमधली कागदी कपातली कॉफी आणून दिली. दुसरं काय देणार होते मी?

त्यांचं आडनाव गुक. गोदी बंद पडेपर्यंत जहाजांना जोड मारायचं काम केलं. “मी जहाजं जोडली, पोरगी जहाजच झाली,” म्हणाले आणि स्वतःच हसले. त्याच्या जोडीला सात वर्षं आमच्या शहरबसमध्ये थांब्यांची नावं सांगायची तीही यो-उलच. मागच्या वर्षी ते काम यंत्राला दिलं. मी रोज त्या बसने येते. सात वर्षं रोज सकाळी त्या मुलीने मला माझा थांबा सांगितला होता आणि आवाज बदलल्याचं माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

“दुसऱ्या भागाचं निम्मं काम झालं आणि फुप्फुसाचं कळलं,” आजोबा म्हणाले. “कंपनीवाले म्हणाले, उरलेलं यंत्र बोलेल. ही म्हणाली, नको, मीच बोलते, तुटलं तर तुटू दे. सिनेमा लागायच्या महिनाभर आधी गेली. अपशकुन नको म्हणून त्यांनी बातमी बाहेर काढली नाही.”

“आणि लोक तिला यंत्र म्हणतात.”

“त्यांना काय माहीत? त्यांचा काय दोष?” त्यांनी कप हातात फिरवला. मग म्हणाले, “पुढच्या गुरुवारी तिला जाऊन एकोणपन्नासावा दिवस. तोवर ती इथेच घुटमळणार. साडेअकराला देवळात भिक्खू मंत्र म्हणतील, मग सुटेल. त्याआधी सकाळी एकदा इथे तिचा आवाज ऐकायचाय. आणि एकदा तरी कुणी हसू नये. बस, एवढंच.”

त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवसापासून आवाज माझ्या मागेच लागला. लिफ्टचं दार उघडलं की वाटायचं, आता बोलेल. बसमध्ये यंत्र थांबा सांगायचं आणि त्याच्या मागे, किंचित उशिरा, कुणीतरी श्वास घेतल्यासारखं ऐकू यायचं. वय झालं मेंग, म्हणून स्वतःला गप्प केलं. पण कान काही ऐकेनात.

आमचे मॅनेजर छा साहेब वयाने माझ्या मुलाएवढे. शुक्रवारी ते म्हणाले, “मावशी, बुधवारपासून पाच नंबर नव्या सिनेमाला. चांदणगोदी आटोपली.”

“गुरुवारी सकाळचा एक खेळ ठेवा.”

“कुणासाठी? त्या एका म्हाताऱ्यासाठी? मग मी पण त्यांच्या शेजारी बसतो रडत.”

“त्यांच्या मुलीचा...” मी सगळं सांगितलं. साहेबांनी मान खाजवली. पोरगा वाईट नाही, वरून दाब असतो.

“सोमवारपर्यंत निम्म्या खुर्च्या विकून दाखवा. ठेवतो. त्यापलीकडे माझ्या हातात नाही.”

बासष्ट खुर्च्यांचा तो हॉल. निम्म्या म्हणजे एकतीस. इतक्या दिवसांत सकाळच्या खेळाला तेवढी माणसं सगळी मिळून आली नव्हती.

आता एक सांगायला हवं. सिनेमा पडायला लागला की त्याच्यावर माया असलेले लोक आमच्याकडे जीव पाठवतात. म्हणजे तिकीट काढायचं आणि यायचं नाही. खुर्ची विकलेली दिसते, पडदा टिकतो. ‘शरीराला जमत नाही, जीव पाठवतेय,’ असं लिहायची पद्धत आहे. असा खेळ असला की दहा मिनिटं वाट बघायची, आत कुणी नसलं की प्रोजेक्टरचा दिवा बंद करायचा. दिवा महाग. आवाज बंद करायला वर जावं लागतं, म्हणून तो आपला चालू राहतो. ‘जीवांना कशाला उजेड हवा?’ असं छा साहेब म्हणतात. तेही हे माझ्याकडूनच शिकले.

शनिवारी मी पहिल्या भागाच्या चाहत्यांच्या ऑनलाइन मंडळात लिहिलं. लिहायची सवय नाही, चारच ओळी लिहिल्या. ‘जहाजाचा आवाज यंत्राचा नाही. ती मुलगी वारली. श्वास पुरत नव्हता म्हणून तुटक बोलली. गुरुवारी तिचा एकोणपन्नासावा दिवस, गुनसान, पाच नंबर, आठ वीस. मीही हसले होते.’

रविवारी सकाळी फोन उघडला तर उत्तरांची रांग.

‘पुसानहून जीव पाठवतेय. शरीराला ऑफिस आहे.’

‘जेजू बेटावरून. विमान परवडत नाही, जीव पोहत येईल.’

‘त्या वाक्याची चेष्टा करणारी चित्रफीत मीच बनवली होती. आज काढून टाकली. दोन खुर्च्या.’

‘आईला घेऊन पहिला भाग पाहिला होता. आता आई नाही. दोन खुर्च्या, एक तिची.’

दुपारपर्यंत एकसष्ट खुर्च्या गेल्या. चौथ्या रांगेतली कडेची मी आधीच माझ्या पैशांनी काढून ठेवली होती. सोमवारी छा साहेब बुकिंगच्या कॉम्प्युटरकडे बघत नुसते “अरेच्चा” म्हणाले आणि गुरुवारचा खेळ पक्का करून टाकला.

आजोबांना सांगितलं, “हॉल भरला. एकही खुर्ची उरली नाही.”

त्यांचे डोळे भरून आले. “सगळे तिच्यासाठी? मग चांगला सदरा घालून येतो.”

यातलं कुणी येणार नाही, हे सांगायला माझी जीभ रेटली नाही. बुधवारी सांगीन म्हटलं. बुधवारी ते आले नाहीत, त्यांचा खेळच नव्हता.

गुरुवारी सकाळी मी पाच नंबरच्या खुर्च्या ओल्या फडक्याने पुसल्या. उठलं की आपोआप मिटणाऱ्या खुर्च्या, मागच्याच वर्षी नव्या स्प्रिंगा बसवलेल्या. बासष्टच्या बासष्ट मिटलेल्या. मग लिफ्टपाशी जाऊन उभी राहिले. आजोबा आले की आधीच गाठून सांगायचं ठरवलं होतं, की आजोबा, आत कुणी दिसणार नाही, पण लोकांनी जीव पाठवलेत. रिकामा हॉल बघून त्यांना धक्का बसू नये, एवढीच माझी धडपड.

आठ वाजले, आठ वीस झाले, साडेआठ झाले. लिफ्टमधून एक कुरिअरवाला आला, बाकी कुणी नाही.

वॉकीटॉकीवर छा साहेब. “मावशी, पाच नंबरात कुणी आहे का?”

मी दाराच्या काचेतून पाहिलं. पडद्याच्या उजेडात नुसत्या खुर्च्यांच्या पाठी. एकही डोकं नाही. चौथ्या रांगेची कडही रिकामी.

“नाही साहेब.”

“मग दिवा मारा.”

मी दिवा बंद केला. कुणीतरी त्यांना सांगितलं असणार की हे लोक तिकीट काढतात आणि येत नाहीत. त्या चांगल्या सदऱ्यात ते घरीच बसले असतील. लिफ्टसमोरच्या बाकड्यावर बसून मी डोळ्यांना रुमालाऐवजी ते ओलं फडकंच लावलं. म्हातारपणी माणसाने लोकांचं भलं करायला जाऊ नये.

खेळ संपत आला तशी पाय आपोआप पाच नंबरकडे वळले. डबा घेतला, दारात उभी राहिले. आत काळाकुट्ट अंधार, आवाज तेवढा चालू. जहाज विझत होतं. “मी...” ती म्हणाली. मग तो श्वास. आजोबा म्हणाले होते तसाच, लांब. “इथेच आहे. दार... उघडं ठेवलंय.”

कुणी हसलं नाही. हसणार कोण?

संगीत संपलं, आणि दार आतून ढकललं गेलं. आजोबा. कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, आणि दोन्ही गुडघ्यांवर धुळीचे गोल डाग.

ते डाग पाहिले आणि मला कळलं. जिन्याने आले असणार, मी लिफ्टपाशी वाट बघत होते. आणि मी काचेतून पाहिलं तेव्हा ते पहिल्या रांगेपुढे, पडद्यासमोर, जमिनीला कपाळ लावून तिला निरोपाचे नमस्कार घालत होते. खुर्च्यांच्या वर डोकं दिसणार कुठून? एकोणपन्नासाव्या दिवशी बाप लेकीसमोर वाकला होता आणि मी त्याच्यावरचा दिवा मालवला होता.

“आजोबा, माझ्या हातून...”

“पडदा गेला होता ना? बाहेरच्या उजेडातून आलो, हॉलमधलं कुणी दिसेना, तसाच पडद्यापुढे जाऊन वाकलो. उठून बघतो तर सगळं काळं. आधी घाबरलो.” त्यांचा चेहरा शांत होता. “मग म्हटलं, बरंच झालं. ती स्टुडिओत दिवे बंद करूनच बोलायची. चाचपडत जाऊन बसलो.”

मी वाकून त्यांच्या गुडघ्यांवरची धूळ झटकली.

“लोक फार चांगले होते हो,” ते म्हणाले. “दीड तास अंधार, पण कुणी कुरकुर केली नाही, कुणी उठून गेलं नाही. ते वाक्य आलं तेव्हा तर सगळ्यांनी श्वास धरला होता. माझ्या मागे एक बाई रडत होत्या. पोरगी असेल तरुण. अंधारात तोंड दिसलं नाही. तिला माझे आभार सांगा. मला देवळात पोचायला हवं.”

कमरेत वाकून त्यांनी मला नमस्कार केला, मग बंद होणाऱ्या दाराकडे वळून, हॉललाही केला. लिफ्ट खाली गेली.

मी डबा ठेवला, बॅटरी घेतली आणि आत गेले. आतले दिवे अजून लागले नव्हते. पहिल्या रांगेवर उजेड टाकला, मग दुसऱ्या, मग मागच्या सगळ्या. सकाळी मी माझ्या हाताने पुसलेल्या, मिटलेल्या खुर्च्या. एकूण एक उघडी होती, खाली दाबलेली, कुणी बसलं की असते तशी.

मी ओरडले नाही. पळालेही नाही. पळायचं कुणापासून? पुसानची ती ऑफिसवाली, जेजूवरून पोहत आलेला, चित्रफीत काढून टाकणारा, आईसाठी खुर्ची घेतलेली मुलगी. आणि आजोबांच्या मागची. मला फक्त लाज वाटली, की एवढी वर्षं मी या लोकांना अंधारात बसवत आले.

मागे जाऊन दोन्ही दारं पूर्ण उघडली आणि एक दार पाठीने धरून उभी राहिले, खेळ सुटल्यावर राहते तशी. “सावकाश,” मी म्हटलं. “पायऱ्या आहेत.”

एक खुर्ची मिटल्याचा आवाज झाला. मग दुसरी.

वॉकीटॉकी खरखरला. “मावशी, पाच नंबर रिकामा झाला का? पुढचा खेळ लावायचाय.”

“थांबा साहेब,” मी म्हटलं. “अजून उतरतायत.”