थेंब न गळणारी कुंडी

आश्रुबाची सगळी नोकरी पूर्णा जंक्शनात रेल्वेचे नळ दुरुस्त करण्यात गेली. गळका नळ दिसला की या माणसाच्या जिवाची नुसती काहिली. लग्नाच्या पंगतीत बसलेला असला, तरी उठून टाकीची तोटी आवळून येणार आणि मगच घास तोंडात घालणार. रिटायर झाला, पण जित्याची खोड ती, जाते कुठं!

आणि अशा माणसाच्या हवाली त्याच्या बायकोनं, चांगुणाबाईनं, आपली लिली केली. आता बोला!

पण ती तरी काय करणार? लेक संघप्रियाचं बाळंतपण सासरी, चारठाण्याला व्हायचं होतं आणि आईशिवाय तिचं पान हलत नव्हतं. लिली संघप्रियानंच परभणीच्या नर्सरीतून आणलेली, पडद्याआडच्या उजेडात घरातच वाढणारी. चांगुणाबाई तिची पानं ओल्या फडक्यानं नातवंडाचं तोंड पुसावं तशी पुसायची. आता तिला पहिली कळी धरली होती. औंदा बुद्ध पौर्णिमेला वंदनेच्या वेळी मूर्तीपुढं बाजारचं नाही, घरचं पांढरं फूल ठेवायचं, असं चांगुणाबाईच्या मनानं घेतलं होतं. शेजारच्या कुसुमबाईपासून साऱ्या गल्लीला तिनं तसं सांगूनही ठेवलं होतं.

"रोज पाणी घालू नका," निघताना ती म्हणाली. "मातीत बोट घालून बघा, कोरडी लागली तरच घाला. तुमाला आजवर काई मागितलं न्हाई म्या. एवढी कळी तेवढी सांभाळा."

आश्रुबानं मान हलवली, पण मनातून तो जरा दुखावलाच. आख्ख्या गाड्यांना पाणी पाजलेला माणूस, त्याला एका कुंडीचं काय सांगायचं?

तिला गाडीत बसवून घरी येतो तर काय, कुंडीच्या बुडातून थेंब थेंब पाणी फरशीवर! बुडाला चक्क भोक होतं. आठवड्यातून एकदा नळ येणाऱ्या गल्लीत ही उधळपट्टी? आश्रुबानं पांढरं सिमेंट कालवलं, भोक झकास लिंपून टाकलं आणि छाती फुगवून चहा प्याला.

त्यात घरात बाई नाही म्हटल्यावर दोस्तमंडळींचा राबता वाढला. आल्यागेल्याला आधी पाणी, मग बाकीचं, हा आपल्याकडचा रिवाज. पेल्यात उरलेलं पाणी फेकायचं नाही, झाडाला घालायचं, ही त्याच्या आईची शिकवण. बालाजीनं अर्धा पेला ठेवला, घातला लिलीला. कुसुमबाईनं घोटभर ठेवलं, तेही लिलीला. एवढ्या उन्हात बिचारीची तहान भागवली, तेवढंच पुण्य, असं त्याला वाटायचं.

थोड्याच दिवसांत लिलीनं मान टाकली. पानं लुळी पडून कुंडीच्या काठावर लोळायला लागली आणि कळीही खाली वाकली. तहानली असंल म्हणून आश्रुबानं आणखी पाणी घातलं. बालाजी म्हणाला, चिमूटभर युरिया टाक. कुसुमबाईनं ग्लुकोज सुचवलं. चारठाण्याहून फोन आला की आश्रुबा 'बेस हाय, बेस हाय' म्हणायचा आणि मग त्याला भाकर गोड लागायची नाही. बायको रागावेल याचं त्याला भ्या नव्हतं, तिच्या रागावर तर त्याचा संसार झाला होता. पण उभ्या जन्मात तिनं मागितलेली एकच गोष्ट, तीही आपल्या हातून जाते की काय, या विचारानं तो रात्री उठून कळी बघून यायचा.

अशात चुडाव्याचा मुंजाजी गाडीची वाट बघत घरी येऊन टेकला. आला की शेतीचं गाऱ्हाणं ठरलेलं. गेल्या साली खोलगटातली सगळी तूर कशी गेली, ते सांगत होता.

"चिबडात पाणी तुंबलं की तूर तहानेनं न्हाई मरत, आश्रुबा," तो म्हणाला. "बुडून मरती. वरून मात्र वाळल्यावानी दिसती."

आश्रुबा जागच्या जागी थिजला. मुंजाजीला कसाबसा वाटेला लावून त्यानं मातीत बोट घातलं, तर नुसता रबडा. कुंडी पालथी केली तशी काळं पाणी भळभळ वाहिलं आणि नाल्यासारखा वास सुटला. निम्मी मुळं कुजली होती. त्यानं कपाळावर हात मारून घेतला. ज्या हातांनी जन्मभर गळती बंद केली, त्याच हातांनी छिन्नी घेऊन ते भोक मोकळं केलं. सडकी मुळं कापली, वाळू मिसळलेली कोरडी माती भरली आणि लिली पुन्हा पडद्याआड ठेवली.

खरा कस पुढंच लागला. समोर मान टाकलेलं झाड, हातात भरलेला तांब्या, आणि पाणी घालायचं नाही! तो रोज बोट घालून बघायचा आणि हात मागं घ्यायचा. पाहुण्यांना फर्मान सुटलं, पेला रिकामा केल्याशिवाय चहा मिळणार नाही. आश्रुबा म्हातारपणी चिंगूस झाला, असं गल्लीत बोललं गेलं. बोलू दे, म्हणाला.

पौर्णिमेच्या आदल्या दुपारी चांगुणाबाई आली. नातीची खबर ऐकायला बालाजी, कुसुमबाई, सगळे हजर. पण ती आधी खिडकीपाशी गेली. निम्मी पानं गेली होती, उरलेली मात्र ताठ उभी होती. त्यांच्यात फूल होतं. आखूड देठाचं, जरा वाकडं, एका कडेला करपलेलं, पण पांढरंशुभ्र. तिनं वाकून कुंडीच्या बुडाला चिकटलेली सिमेंटची खपली बघितली आणि मग नवऱ्याकडं बघितलं. आश्रुबा पंख्याकडं बघायला लागला.

ती खाली टेकली. त्यानं लगबगीनं पाणी दिलं. अर्धा पेला पिऊन, बाळाचं नाकडोळं सांगता सांगता, तिनं सासूनं लावलेल्या सवयीनं उरलेलं पाणी कुंडीकडं नेलं.

आश्रुबा झेपावलाच. तिच्या हातातून पेला काढून घेतला आणि सगळ्यांदेखत घटाघटा पिऊन टाकला. उभ्या संसारात कधी कुणाच्या उष्ट्याला शिवला नव्हता हा माणूस! कुसुमबाईनं तोंडाला पदर लावला.

"अवं, उष्टं हाय की ते," चांगुणाबाई म्हणाली.

"असू दे," आश्रुबा म्हणाला. "तिला जास्ती झालं असतं."

चांगुणाबाई जराशी लाजली. मग तिनं तांब्या ओढला, पेला पुन्हा भरला, अर्धा प्याली आणि उरलेला गुपचूप त्याच्यापुढं धरला.