खासगी वापरासाठी

मी मनात धरून ठेवणारी बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. लोक मला म्हणतात, झालं गेलं सोडून द्यावं. ज्यांच्या गाड्या शाबूत आहेत त्यांनी खुशाल सोडावं.

माझी गाडी गेली ती माझ्या सख्ख्या बहिणीच्या नवऱ्यामुळे. आम्ही दोघी बहिणी, ताई मोठी आणि मी धाकटी. भाऊजी विम्याचे एजंट. बोलणं गोड, शर्टाला कडक इस्त्री, खिशाला दोन पेनं. आईचा तर जावयावर इतका जीव, की मी तोंड उघडायच्या आत ती विचारायची, जावईबापूंना विचारलंस का?

मी गाडी चालवायला शिकवते. आमच्या भागात मला मास्तरीणबाई म्हणतात. आठ वर्षं दुसऱ्याच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये राबले आणि मग जुनी का होईना, स्वतःची गाडी घेतली. टपावर पाटी लावली, शिकवणाऱ्याच्या पायाशी असतो तो दुसरा ब्रेक बसवून घेतला आणि विम्याच्या मागे लागले.

चार कंपन्यांचे उंबरे झिजवले. सगळीकडे आधी हसून खुर्ची पुढे करायचे आणि मग विचारायचे, गाडी वापरणार कशासाठी? शिकवायला म्हटलं की आकडा दुप्पट. नुसता थर्ड पार्टी मला परवडत होता. पण त्यात आपल्या गाडीने दुसऱ्याचं काही मोडलं तर त्याचं भरून मिळतं, आपली गाडी फुटली तर बसा बोंबलत. पूर्ण विमा घ्यायचा तर तीन महिन्यांची कमाई त्यातच जाणार. मी रडकुंडीला आले होते. रोज संध्याकाळी ताईकडे जाऊन डोळे पुसत बसायची.

तेव्हा भाऊजी म्हणाले, घरचा माणूस असताना दारोदार कशाला फिरतेस, मी बघतो. आणि खरंच, चौथ्या दिवशी पूर्ण विमा हातात ठेवला, तोही निम्म्या आकड्यात. फॉर्म त्यांनी भरला. जिथे जिथे त्यांनी पेन्सिलीने फुली मारली होती तिथे तिथे मी सही केली. त्यांच्या पाया पडायचंच काय ते बाकी ठेवलं मी.

सात महिने झकास गेले. मग एक दिवस टपालखात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ वळण घेताना घाबरले आणि ब्रेक समजून ॲक्सिलरेटरवर उभेच राहिले. मी माझा ब्रेक दाबला, पण उशीर झाला होता. गाडी मैदानाच्या भिंतीत नाक खुपसून थांबली. आम्हा दोघांना खरचटलंसुद्धा नाही. इंजिन मात्र आत आलं होतं.

नुकसान बघायला कंपनीचा सर्वेअर आला. किडकिडीत, शांत माणूस. आत वाकून बघताना त्याने विचारलं, बाई, हे इकडे दुसरं पेडल कसलं? आणि मी, शहाणी, छाती पुढे काढून सांगितलं, शिकवायची गाडी आहे, दुसरा ब्रेक आहे तो. त्याने त्या पेडलचा फोटो काढला. पंधरा दिवसांनी पत्र आलं. सदर वाहन खासगी वापरासाठी असल्याचे अर्जात नमूद आहे, प्रत्यक्षात ते व्यवसायासाठी वापरले जात होते, सबब दावा नामंजूर.

मी ते पत्र घेऊन तडक आईकडे गेले. भाऊजी तिथेच होते, चहा पीत. त्यांनी पत्र वाचलं, घडी घातली आणि आईसमोर मला म्हणाले, "सही तुझी आहे. वाचून करायची असते."

मला वाटलं, आई आता काहीतरी बोलेल. ती बोलली, पण मला. एवढी शिकलेली तू आणि असा खोटेपणा कशाला केलास, म्हणाली. ताई स्वयंपाकघरात होती, बाहेर आलीच नाही. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. त्या माणसाने एवढंच म्हटलं असतं, की मला माहीत होतं, चुकलं माझं, तर मी गाडीवर पाणी सोडलं असतं. पण त्याने हात वर केले आणि घरादारात मी लबाड ठरले. त्या दिवशी मी ठरवलं, की ह्याच खोलीत, ह्याच खुर्चीत बसून, आईच्या देखत हा माणूस "मला माहीत होतं" म्हणेल. त्याहून कमी मला काही नको होतं.

पाटी उतरवली. गाडी भंगारात घातली आणि ड्रायव्हिंग स्कूलच्या जुन्या मालकाकडे परत गेले. मान खाली घालून काम मागावं लागलं आणि त्याने ते आधीपेक्षा कमी पगारात दिलं. सकाळी शिकवायचं आणि दुपारी विम्याची पुस्तकं वाचायची. एक एक कलम तोंडपाठ केलं. एजंटची परीक्षा पहिल्या फटक्यात पास झाले.

परीक्षेचा निकाल लागला त्याच आठवड्यात ताई माझ्याकडे आली. पर्समधून एक कागद काढून तिने टेबलावर ठेवला. भाऊजींच्या गिऱ्हाइकांची नावं, आणि पुढे कोणाची पॉलिसी कधी संपते त्या तारखा. तुझं नुकसान झालंय, म्हणाली, माझ्याकडून एवढंच. मला भरून आलं. म्हटलं, शेवटी सख्खी ती सख्खीच. पुढे दर महिन्याला तिचा फोन यायचा आणि ती हळू आवाजात पुढच्या महिन्याची नावं सांगायची.

मी भाऊजींबद्दल कुठे एक वाईट शब्द काढला नाही. गरजच पडली नाही. पॉलिसी संपायच्या महिनाभर आधी मी दारात हजर व्हायची आणि म्हणायची, तुमची पॉलिसी वाचून दाखवू का? फुकट. कोणी नाही म्हणत नाही. स्वतःची पॉलिसी आजवर कोणी वाचलेलीच नसते.

कोपऱ्यावरचे डॉक्टर घ्या. त्यांची गाडी तळघरात उभी राहते, तिथे गुडघाभर पाणी साचतं, आणि पाणी शिरून इंजिन गेलं तर त्याचं कव्हरच नाही. शिवणकामवाल्या बाईंच्या गाडीची किंमत पॉलिसीत इतकी खाली दाखवली होती, की उद्या गाडी चोरीला गेली असती तर आलेल्या पैशात चार टायर आणि एक आरसा आला असता. औषधांचा दुकानदार दिवसभर गाडीतून घरोघर माल पोचवतो, आणि पॉलिसीवर काय? खासगी वापरासाठी. हे शब्द वाचताना माझा आवाज आपोआप चढायचा. बाबा रे, स्वस्त झालं ते आतून काढून घेतलंय म्हणून, हे त्यांच्या ध्यानात आलं की चेहरे असे पडायचे. मग ते विचारायचे, बाई, तुम्ही करून द्याल का? मी करून द्यायची, पण आधी प्रत्येक ओळ त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घ्यायची आणि मगच पेन हातात द्यायची.

मजा येत होती मला. खोटं कशाला बोलू? भाऊजींच्या ऑफिसातल्या दोन खोल्यांची एक झाली. मग बाहेरचा दिव्यांचा फलक गेला. एकदा ते मला बसच्या रांगेत दिसले, शर्टाला इस्त्री नव्हती. त्या दिवशी मी घरी येऊन दोन घास जास्त जेवले. दीड वर्षात मी पुन्हा गाडी घेतली, टपावर पाटी चढवली, आणि विमा काढला तो शिकवण्याचाच, सगळ्या कव्हरांसकट.

शेवटी राहिला होता बेकरीवाला. त्याच्या सात व्हॅन, भाऊजींचं सगळ्यात मोठं आणि सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. त्याच्यासमोर मी तीन दुपारी बसले. त्याने सातही व्हॅनचे कागद माझ्याकडे दिले त्याच्या दुसऱ्या दिवशी आईचा फोन आला. रविवारी ये, म्हणाली, जावईबापूंना तुझ्याशी बोलायचंय.

मी नवी साडी नेसून गेले. भाऊजी त्याच खुर्चीत होते, पण खुर्चीच्या कडेवर बसलेले. ताई खिडकीजवळ, आई दिवाणावर.

भाऊजींनी वळणं घेतली नाहीत. म्हणाले, "मला माहीत होतं. शिकवायची गाडी आहे हे माहीत असून मी खासगी लिहिलं. सहीचं बोललो ते तोंड लपवायला बोललो."

आई माझ्याकडे बघायला लागली, मग त्यांच्याकडे. अडीच वर्षं मी ह्या वाक्याची वाट बघितली होती. ते ऐकलं आणि मला इतकं बरं वाटलं की मी खुर्चीत मागे टेकून बसले. तिथेच उठून निघाले असते तर बरं झालं असतं. पण मला हाव सुटली. मी विचारलं, का लिहिलंत?

ताईच म्हणाली, "मी लिहायला लावलं. ते तुला खरा आकडा सांगणार होते. मी म्हटलं, ऐकून ती गाडी विकून टाकेल. एक वर्ष निघू दे, कुठे काय होतंय. तू रोज रडत होतीस, मला बघवत नव्हतं."

आणि भाऊजींनी अडीच वर्षं तिचं नाव घेतलं नव्हतं. माझ्या शिव्या, माझा सूड, सगळं अंगावर घेतलं आणि बायकोला त्यातून बाजूला ठेवलं. मला त्यांची दया आली असं नाही. ते एजंट होते, ताई नव्हती. पण ताईकडे बघून माझं डोकं सटकलं. म्हणजे तो कागद, ते दर महिन्याचे फोन माझ्या प्रेमापोटी नव्हतेच. चूक हिची, आणि माझी भरपाई ही नवऱ्याच्या ताटातून करत होती. वर मी हिला सख्खी म्हणून डोक्यावर घेतलं.

भाऊजी पुढे बोलत होते. बेकरीवाला ठेव, म्हणाले, बाकीची जुनी दहा-बारा माणसं तेवढी मला राहू दे. मग त्यांनी विचारलं, "एक सांग. तारखा तुला कळायच्या कशा? माझ्या कारकुनावर संशय आला म्हणून मी त्याला काढलं. सोळा वर्षं होता माझ्याकडे. शपथा घेत होता बिचारा."

हे मला माहीत नव्हतं. ताईला माहीत होतं. ती खिडकीपाशी उभी राहून माझ्याकडे बघत होती आणि कोणाला दिसणार नाही इतकी हळू मान हलवत होती, नको, नको. मला काहीही सांगता आलं असतं. अंदाजाने फिरले म्हटलं असतं तरी त्यांनी मानलं असतं.

मी म्हटलं, "ताईने दिल्या."

भाऊजी ओरडले नाहीत. त्यांनी ताईला एवढंच विचारलं, त्याला काढलं तेव्हा तू ऑफिसात माझ्यासमोरच बसली होतीस ना? ताईने हो म्हटलं. ते उठले, चपला घातल्या आणि जिना उतरून गेले. खाली स्कूटर सुरू झाल्याचा आवाज आला. ताईने जागचं पाऊल हलवलं नाही.

आई म्हणाली, "झालं तुझं समाधान?"

"झालं," म्हटलं मी. आणि खरंच झालं होतं.

मी किल्ली घेऊन खाली उतरले तशी ताई मागोमाग आली. गाडीच्या दारापाशी उभी राहून म्हणाली, मला सोडतेस का घरी? ते गेले, आता मी जाऊ कशी?

मी म्हटलं, "ही शिकवायची गाडी आहे ताई. दुसऱ्या कोणाला बसवलं तर विमा लागू होत नाही."

तिने खरं मानलं. मान डोलावली, पदर सारखा केला आणि स्टँडच्या दिशेने चालू लागली. ते खोटं होतं. घरच्या माणसाला न्यायची माझ्या पॉलिसीत सोय आहे. ते कलम मी हट्टाने, जास्त पैसे भरून घालून घेतलं होतं, ताईसाठीच. मी गाडी सुरू केली आणि तिच्या बाजूने निघून गेले.