पंख्याच्या मालकीचा सर्व्हर

माझी बायको आणि माझा धाकटा भाऊ एकाच कंपनीत होतेच, पण ते एकाच कामावर लागले, तेव्हा सगळ्यांत जास्त धास्ती मी घेतली. मी दातांचा डॉक्टर. दिवसभर लोकांच्या तोंडात डोकावायचं आणि घरी येऊन निवांत जेवायचं, एवढीच माझी अपेक्षा. पण त्या दिवसापासून जेवणाच्या टेबलावर रोज ऑफिसच वाढलं जाऊ लागलं.

काम काय, ते आधी सांगतो. मोठ्या कंपनीत ढिगाने सर्व्हर, डिस्क, प्रिंटर, केबल असतात. ते सांभाळायचं तर काय कशाचा प्रकार आहे आणि काय कशाला जोडलंय, हे नीट मांडून ठेवावं लागतं. त्या मांडणीला मॉडेल म्हणतात आणि तिच्यातल्या प्रत्येक प्रकाराला क्लास. प्रिंटर हा उपकरणाचा एक प्रकार, म्हणजे उपकरणाला जे जे लागू, ते त्याच्याकडे वारशाने आलंच. हे मॉडेल माझ्या बायकोने तीन वर्षं खपून लिहिलं होतं. सगळा मजकूरच मजकूर. समजून घ्यायचं तर तिला शेजारी बसवूनच वाचावं लागे. म्हणून ते बॉक्स आणि रेघांच्या चित्रात दाखवणारं, माऊसने फिरून बघता येणारं एक साधन करायचं ठरलं, आणि डिझाइनसाठी नेमका आमचा धाकटा निवडला गेला.

पहिल्याच मीटिंगमध्ये त्याने भर सभेत हाक मारली, "वहिनी, हा बॉक्स कुठे ठेवू?" संध्याकाळपर्यंत मॅनेजरसकट सगळं ऑफिस तिला वहिनी म्हणायला लागलं. ती घरी आली ती तणतणतच.

"भावजी, उद्यापासून ऑफिसात तुम्ही मला मॅडम म्हणायचं."

एरवी ती त्याला अरे-तुरे करते. 'भावजी' आणि 'तुम्ही' आलं की समजायचं, पारा चढलाय.

खरी जुंपली ती पुढे. बायकोचं म्हणणं, अख्खं मॉडेल एकाच पडद्यावर दिसलं पाहिजे, त्यातलं काही झाकायचं नाही. धाकट्याने निमूटपणे तसं करून दाखवलं. मीही पाहिलं. केसांत च्युइंगगम अडकल्यावर जसं दिसतं, तसं दिसत होतं.

"वहिनी, यात माणूस हरवेल."

"हरवू दे. वाट शोधता शोधता शिकेल."

"लोक शिकायला नाही येत गं. सर्व्हर बंद पडला की येतात!"

शेवटी ठरलं की सर्व्हररूम सांभाळणाऱ्या ऑपरेटरबाईंनाच हे वापरायला बसवायचं. अट एकच. वहिनीने मागे बसून बघायचं, पण बोलायचं नाही.

"ती गप्प बसेल?" धाकट्याने मला हळूच विचारलं.

"तोंडात पाणी धरायला सांग," मी धंद्यातला सल्ला दिला. "माझ्या खुर्चीत भलेभले गप्प बसतात."

मी गमतीने बोललो होतो. बायकोने ते ऐकलं आणि आव्हान म्हणून घेतलं; चाचणीला ती खरंच तोंडात पाणी धरून बसली.

चाचणीत बाईंना विचारलं, हे डिस्कचं कपाट बंद केलं तर कुठले सर्व्हर अडतील? बाईंनी एक रेघ धरली आणि तिच्यामागे निघाल्या. रेघ पडद्याबाहेर गेली. चित्र सरकवून तिला गाठलं, तर ती प्रिंटरपाशी जाऊन संपली. दुसरी धरली, तीही तिथेच आली.

"मघाशी मी इथेच होते ना?" बाई म्हणाल्या. मागून गुळगुळ असा आवाज आला. "अहो, पण हे सुरू कुठून होतं?"

इथे पाण्याचं काय झालं याबद्दल घरात दोन मतं आहेत. बायको म्हणते, तिने ते शांतपणे गिळलं. धाकटा म्हणतो, ते त्याच्या शर्टावर आलं.

 त्या संध्याकाळी जेवणानंतर हात धुताना बायको धाकट्याला एवढंच म्हणाली, "तू म्हणतोस तसं करून बघ."

धाकट्याने मग सगळं पुसून नव्याने मांडलं. मधोमध एकच बॉक्स. वर, तो कशाचा प्रकार आहे ते. बाजूंना, तो ज्यांना थेट जोडलाय तेवढेच, आणि प्रत्येक बाणावर नातं लिहिलेलं. शेजाऱ्यावर क्लिक केलं की तो मध्ये येणार. बाई पुन्हा बसल्या आणि बघता बघता त्यांना उत्तर सापडलं. मग गंमत वाटून त्या इकडेतिकडे क्लिक करत राहिल्या.

"थांबा," बायको एकदम म्हणाली. "मागे जा. आणखी एक मागे."

मध्ये आला पंखा, सर्व्हर थंड ठेवतो तो. त्याच्यापासून सर्व्हरकडे बाण गेला होता आणि बाणावर शब्द होता, 'मालक'. म्हणजे पंखा सर्व्हरचा मालक. मॉडेलमध्ये मालक गेला की त्याच्या मालकीचंही जातं, तेव्हा पंखा मोडीत काढला की सर्व्हरही यादीतून गेला!

धाकट्याच्या जिभेवर चिक्कार काही आलं होतं, असं तो सांगतो. पण वहिनीचा चेहरा बघून त्याने ते गिळलं. "बाण मीच उलटा काढला असेन," तो म्हणाला.

"नाही रे. बाण बरोबर आहे. मॉडेलमधली ओळच माझी चुकलीय." ती खुर्ची ओढून पडद्याजवळ बसली. "इतकी वर्षं मी हे नुसतं लिहीत होते. बघतेय आज."

पुढचा आठवडाभर दोघं एकेक बॉक्स मध्ये आणून तपासत बसले. एक केबल तर दोन्ही टोकांनी स्वतःलाच जोडलेली निघाली. साधन सुरू करायची तारीख हुकली. मॅनेजरने भर मीटिंगमध्ये कारण विचारलं, तेव्हा धाकटा तोंड उघडणार एवढ्यात बायको उभी राहिली.

"साधन वेळेवर झालंय. चुका माझ्या मॉडेलमध्ये आहेत, आणि याच्या चित्रामुळे त्या दिसल्या."

घरी ती यातलं एक अक्षर बोलली नाही. मला धाकट्याने सांगितलं, तेही दोनदा. दुसऱ्यांदा सांगताना त्याला मध्येच फ्रिजमधलं काहीतरी आठवलं आणि तो बराच वेळ फ्रिजमध्ये डोकं घालून उभा राहिला.

साधन चालू झालं आणि पहिली मागणी आली ती ऑपरेटरबाईंकडूनच. एक सर्व्हर उगीचच रुसून बसतो, त्याच्या बॉक्सवर 'लहरी' असं लिहायची सोय हवी.

"सोपं आहे," धाकटा जेवताना म्हणाला. "एक छोटी चिठ्ठी चिकटवता येईल."

"चिठ्ठी कसली? तो गुणधर्म आहे." बायकोने चमचा खाली ठेवला. "प्रश्न एवढाच, की तो सर्व्हरच्या क्लासमध्ये घालायचा की वर, उपकरणाच्या?"

"वर घातलास तर वारशाने प्रिंटरही लहरी होतील."

"असतातच," मी म्हणालो.

दोघांनी घास थांबवून माझ्याकडे बघितलं, मग एकमेकांकडे.

"उपकरणातच घालूया," बायको म्हणाली, आणि धाकट्याने मान हलवून भाताचं भांडं पुढे ओढलं.