सिनेमात नसलेली आत्याबाई

"मूठ घट्ट मिटा. हां, अशी. आणि मग आत्याबाईनं काय केलं माहितीये? भर जेवणाच्या वेळी, सगळ्या पाहुण्यांसमोर चमचे मोजायला घेतले!"

"बापरे! आणि?" खुर्चीतले गृहस्थ म्हणाले.

"एक कमी भरला. तशी तिनं दाराला कडी घातली आणि म्हणाली, आता एकेकानं उठायचं आणि खिसे उलटे करायचे. सोडा मूठ. झालं. कापूस दाबून धरा."

गृहस्थांनी दंडाकडे पाहिलं. नळी भरली होती. सुई आत कधी गेली आणि बाहेर कधी आली, त्यांना पत्ताच नव्हता. "पण चमचा सापडला कुणाकडे?"

"पुस्तक वाचा की. नाहीतर जेवल्यानंतरचं रक्त द्यायला परत याल, तेव्हा सांगते."

"सिनेमा आलाय ना त्याच्यावर? तोच बघून टाकतो. वाचायचा कंटाळा हो."

"बघा खुशाल. पण त्यात आत्याबाई शोधू नका. नाहीये ती."

"नाहीये म्हणजे?"

"काढून टाकली! अख्खी बाई!" ताईंनी सुई डब्यात अशी आपटली की जणू तो दिग्दर्शकच हाती लागला होता.

तपासणी केंद्रात रक्त काढणाऱ्या या बाईंना लहानथोर सगळे ताईच म्हणत. आपणही तेच म्हणू. माणसाचं लक्ष सुईवरून उडवायचं तर त्याला गोष्टीत अडकवायचं, हा ताईंचा खाक्या. साखर नसलेली माणसंही हल्ली साखर तपासून घ्यायला येतात, असं डॉक्टर चेष्टेनं म्हणत. गोष्टींना काय तोटा! ताई अधाशासारख्या वाचत. एका हातात पुस्तक धरून दुसऱ्या हातानं भाजी ढवळत, आणि भाजी लागली तर लेखकाला बोल लावत.

पुस्तकावरून काढलेल्या सिनेमांवर मात्र त्यांचा जुना दात. त्यांचं म्हणणं असं, की पुस्तक हे आपण आपल्या हातानं बांधलेलं घर असतं. नायिकेचं नाक केवढं, पडदा कोणत्या रंगाचा, सगळं आपण ठरवायचं. मग हा सिनेमावाला येतो, म्हणतो व्हा बाजूला, हे नाक आणि हा पडदा. बसा आता जन्मभर तेच नाक बघत.

या मताला घरात एकच विरोधक होता, आणि तो खमक्या होता. ताईंचे सासरे. बाबांचा अर्धा जन्म लिफ्टी दुरुस्त करण्यात गेला होता आणि उरलेला सिनेमाच्या थेटरात. पुस्तक त्यांनी हातात धरलंच असेल तर डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली घालायला.

"तुमचा लेखक पाऊस पाडायला चार पानं घेतो," ते म्हणत. "सिनेमात आभाळ दाखवलं, बाई भिजली, मोकळे!"

"आणि ती भिजताना काय विचार करत होती, ते?"

"भिजलेली बाई काय विचार करणार? टॉवेल कुठाय!"

सासूबाई होत्या तोवर या भांडणात पंच त्या. पंच कसल्या, दोघांनाही असा आवाज चढवून गप्प करत की खालच्या मजल्यावरचं मूलही अभ्यासाला बसे. मग सासूबाई गेल्या. आणि वर्ष होतं न होतं तोच बाबांची नजर गेली. डॉक्टरांनी हात टेकले. तेव्हापासून बाबांनी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. कुणी फिरायला चला म्हटलं तर एवढंच विचारायचे, "काय बघायला?"



म्हणून ताई त्यांना वाचून दाखवायला लागल्या. पहिल्या दोन पुस्तकांना बाबा चक्क घोरले. तिसरी ही जाडजूड कादंबरी. स्टेशनाजवळ भाड्याच्या खोल्या चालवणारी एक विधवा, आणि तिच्याकडे राहणारी तिची आत्या. ही आत्याबाई कमरेला किल्ल्यांचा जुडगा लावून भाडेकरूंवर ओरडते, दूधवाल्यावर ओरडते, देवाचं चुकलं तर त्यालाही सोडत नाही, आणि कुणी आजारी पडलं की मुकाट्यानं उशाशी बसून रात्र काढते. ती पहिल्यांदा आली त्या पानाला बाबा ताडकन उठून बसले.

"अगं, ही तर तुझी सासू!"

आणि हसले. किती दिवसांनी हसले! ताईंनी ते पान पुन्हा वाचलं, मग परत वाचलं. चमच्यांचं प्रकरण तर इतक्या वेळा झालं की ताईंना तोंडपाठ झालं.

त्यातच सिनेमा आल्याची बातमी रेडिओवर लागली, आणि बाबा आपणहून म्हणाले, "जाऊ या. आत्याबाईला ऐकायचंय मला."

ताईंच्या नवऱ्याच्या हातातला कप बशीवर आपटला. बाबा बाहेर जाणार! न्हाव्याला घरी बोलावणं गेलं, शर्टाला इस्त्री झाली. शेजारणीला बाबांनी स्वतः भिंतीतून ओरडून सांगितलं, की शनिवारी आम्ही सिनेमाला चाललोय.

थेटरात पायऱ्या कुठे आहेत, कडेच्या खुर्च्या कोणत्या, हे बघून ठेवावं म्हणून ताई आदल्या दिवशी एकट्याच जाऊन आल्या. आल्या त्या धुमसत.

"एका शब्दानं नाव नाही हो तिचं! मारली असती तरी चाललं असतं मला. नुसती गायब! आणि चमचे कोण मोजतंय? ती विधवा! चोरी आहे ही, शुद्ध चोरी!"

"मग नको नेऊस," नवरा म्हणाला. "ताप आलाय म्हणून सांग."

"कुणाला?"

"कुणालाही."

"अहो, एवढे दाढीबिढी करून तयार झालेत. आता घरी बसले तर परत नाही उठायचे ते." ताईंनी पदर खोचला. "मीच घालते तिला आत."

"कुठे?"

"सिनेमात."

आणि शनिवारी दुपारी ताईंनी खरोखरच आत्याबाईला सिनेमात घातली. बाबा कडेच्या खुर्चीवर ताठ बसले होते, दाढी गुळगुळीत, हात गुडघ्यांवर. ताई त्यांच्या कानाशी. पडद्यावर स्टेशन आलं, जिना आला, विधवा आली, तोवर सगळं सरळ चाललं होतं. मग स्वयंपाकघर आलं. ताईंनी ठोकून दिलं, "ती बघा, आत्याबाई. ओट्याशी. हात कमरेवर."

"जाडी घेतलीय ना?"

"चांगली दणकट आहे."

"शाब्बास," बाबा समाधानानं म्हणाले.

पुढच्या रांगेतल्या बाईंनी मागे वळून पाहिलं, मग पडद्याकडे पाहिलं, मग पुन्हा मागे. ताईंनी तिकडे लक्षच दिलं नाही. आत्याबाई दार उघडत होती, आत्याबाई नाक मुरडत होती, आत्याबाई दूधवाल्याकडे असं बघत होती की दूध तिथल्या तिथे नासावं. बाबा खुदुखुदु हसत होते. ताईंना वाटलं, निभावलं. रोज सुई टोचताना करतो तेच तर करतोय आपण.

मग तो प्रसंग आला. ज्या भाडेकरूवर त्या विधवेचा जीव जडलेला असतो, तो न सांगता निघून गेलेला आहे, आणि ती घरी परत येते. पुस्तकात इथे आत्याबाई तिला दोन पानं झापते, आणि मग जेवायला वाढते. सिनेमात काही म्हणजे काही नव्हतं. नुसता नळ ठिबकत होता.

"आत्याबाई कुठाय?" बाबांनी विचारलं.

"आहे ना. तिथेच उभी आहे."

"बोलत का नाही?"

"चिडलीय. मनातल्या मनात."

बाबांची मान हळूच वळली. "ती? मनातल्या मनात? अगं, तुझी सासू अख्ख्या संसारात एकदा तरी मनातल्या मनात चिडली होती का?"

पुढच्या बाईंना राहवलं नाही. "अहो, कोणती आत्या? मला कधीची दिसत नाहीये!"

ताईंचे कान तापले. अंधार होता म्हणून बरं.

"नाहीये ना ती सिनेमात?" बाबा म्हणाले.

"नाहीये बाबा." ताईंना रडूच फुटायचं बाकी होतं. "काढून टाकलीय मेल्यांनी. तुम्ही परत घरात बसून राहाल अशी भीती वाटली मला. म्हणून."

आता उठतात आणि घरी चल म्हणतात, असं ताईंना वाटलं. बाबांनी चाचपत त्यांचा हात धरला.

"म्हणजे मला सुई टोचत होतीस होय! हे बघ, तुझी सासू गेली तेव्हा हॉस्पिटलात सगळे मला सांगत होते, झोपल्यात, आत्ताच डोळा लागलाय. मला काय कळत नव्हतं? तू नको तसं करू. काय आहे ते सांग. असेल तेवढंच."

असेल तेवढंच. ताईंनी डोळे पुसले आणि पडद्याकडे पाहिलं. पुस्तकाचं एक अक्षरही हाताशी नाही, अशा त्या पहिल्यांदाच सिनेमा बघत होत्या.

"स्वयंपाकघर आहे," त्या म्हणाल्या. "खिडकीतून ऊन आलंय. खिडकीशी खुर्ची आहे, उशी घातलेली. खुर्चीच्या पाठीला किल्ल्यांचा जुडगा अडकवलाय. ती आली. पिशवी ठेवली. स्टूल ओढलं आणि त्यावर बसली."

"खुर्ची असताना स्टुलावर का?"

ताईंनी पुन्हा खुर्चीकडे पाहिलं. खरंच की. मघाशी तो भाडेकरू खुर्चीत बसायला गेला तेव्हाही तिनं त्याच्यापुढे स्टूल सरकवलं होतं. काल आपण हे सगळं पाहिलं, आणि आत्याबाई शोधण्याच्या नादात काहीच पाहिलं नाही. पडद्यावरची बाई उठली. तिनं फडकं घेतलं.

"बाबा, ती खुर्ची पुसतेय. कुणी बसत नाही त्या खुर्चीवर. उशी झटकली, परत होती तशी ठेवली. किल्ल्यांना हात नाही लावला. फडक्यानं त्यांच्या भोवतीनं पुसलं."



"मग आहे की ती," बाबा म्हणाले. "काढून कुठे टाकलीय? पुस्तक ती असतानाचं आहे. हा सिनेमा ती गेल्यानंतरचा. असंच असतं गं नंतरचं घर. मला कुणी विचारलं असतं तर मीही असाच काढला असता."

ताईंच्या डोळ्यांना धार लागली, पण तोंड थांबलं नाही. आता त्या जे दिसेल ते सांगत सुटल्या. नटीच्या ओठांवरचा तीळ सांगितला, फाटकं पायपुसणं सांगितलं, नळाखालची बादली सांगितली. पुढच्या बाई आता वळून बघत नव्हत्या, मान मागे टेकून आरामात ऐकत होत्या. शेजारी कुणी पिशवी कुरकुरवली तर त्याच डाफरल्या, "ओ, जरा गप्प बसा, ताई सांगतायत ना!"

मग जेवणाचा प्रसंग. टेबलाभोवती भाडेकरू, आणि ती मऊ बोलणारी विधवा अचानक उठते.

"ती चमचे मोजायला लागली, बाबा! तीच मोजतेय! आता कडी घातली दाराला!"

पडद्यावरून तिचा आवाज कडाडला, "खिसे उलटे करा!" आणि बाबा असे खदखदून हसले की त्यांचं हसणं ऐकून अख्खं थेटर हसायला लागलं.

"आत्याबाई अंगात आलीय तिच्या!" बाबा डोळे पुसत म्हणाले. "तूही हल्ली अगदी तशीच ओरडतेस. परवा पेपरवाल्याला झापत होतीस, मला वाटलं, आली का ही परत!"

चोरी म्हणे, शुद्ध चोरी! ताईंना स्वतःचीच लाज वाटली, आणि मनापासून हसू आलं.

खेळ सुटला. पुढच्या बाई जाता जाता ताईंना म्हणाल्या, "तुम्ही परत कधी येणार ते सांगा. माझ्या बहिणीला घेऊन येते." बाहेर नवरा स्कूटर घेऊन उभा होता, तोंडावर काळजी. वडिलांना हसताना बघून ती मावळली.

"तू हो पुढे," बाबा त्याला म्हणाले. "आम्ही चालत येतो."

"चालत?"

"का? पाय शाबूत आहेत माझे."

तो गेला. बाबांनी ताईंच्या कोपराला हात लावला. "हं. सांग."

"काय सांगू?"

"रस्ता. काय चाललंय?"

ताईंनी लगेच सुरुवात केली. एका सायकलवर तीन मुली चालल्यात, मधलीचा बूट सुटलाय. चाव्या बनवणाऱ्यानं छत्रीला नवं ठिगळ लावलंय, ते जुन्या छत्रीपेक्षा मोठं आहे. कुत्रा भर रस्त्यात झोपलाय आणि बस त्याच्यासाठी थांबलीय. बाबा मान हलवत होते, मध्येच "हे बरंय" म्हणत होते.

वळणावर वरून आवाज आला. कुणाचा तरी उद्धार चालला होता, ओले टॉवेल पाय पुसायला वापरण्यावरून सुरू होऊन थेट सात पिढ्यांपर्यंत.

"दुसऱ्या मजल्यावर गॅलरीत एक म्हातारी बाई आहे," ताई म्हणाल्या. "कपडे वाळत घालतेय. आत नवरा असावा. दिसत नाहीये, नुसतं टक्कल दिसतंय."

बाबा थांबले. त्यांनी तोंड वर केलं.

"चला ना बाबा."

"थांब जरा. काही घाई आहे का?" बाबा म्हणाले. "बोलू दे तिला."

मग त्या बाईंचं बोलून होईपर्यंत दोघंही तिथेच उभी राहिली.