जत्रेचा भोंगा आणि धाकल्याचा बैल

विवळवेढ्याच्या जत्रेत हरवलेल्या माणसांना ज्याच्या तोंडून हाका मारत, तो जुना भोंगा मी. मित्रांनो, डहाणूच्या बाजारातून मला आणलं तेव्हा मी चकचकीत होतो, गळाही खणखणीत होता. पुढे पत्रा गंजला, आवाज घोगरा झाला. पण माझ्यामागे बसून बोलणारी संगीताताई मी विसरलो नाही.

ताई कासाच्या शाळेत इतिहास शिकवायची आणि जत्रेत हौसेने माइक सांभाळायची. २०१४ साली कोणीतरी कमळी नावाच्या म्हातारीला मांडवात आणून बसवलं. गर्दीत मुलाचा हात सुटला होता आणि घाबरून बिचारीला गावाचं नावही आठवेना. बाहेर शेवटच्या जीपा सुटायला लागल्या होत्या. मी घसा फुटेस्तोवर तिचं नाव घेतलं, पण कमळी नावाच्या आज्या जत्रेत ढीगभर. कोणी फिरकलं नाही.

मग ताईने माइक खाली ठेवला आणि ती म्हातारीजवळ बसली. तुमच्या पाड्यात काय काय घडलं ते सांगा, म्हणाली. म्हातारी हळूहळू खुलली. थोड्या वेळाने ताई माझ्यातून बोलली, "ज्यांच्या पाड्यातला धाकल्याचा बैल पुरात वाहून गेला, आणि सगळ्यांचं रडून झाल्यावर आपल्या पायांनी घरी आला, त्यांची कमळी आजी इथं बसलीय."

तिचा मुलगा सुक्या धापा टाकत आला. दोघांना त्यांच्या गावाची, वेवजीची जीप मिळाली.

त्यानंतर ताई इतिहास असाच सांगू लागली. आधी पाड्यातला धाकल्या, मग राजा. रेडिओवाल्यांनी बोलावलं, पुस्तकं निघाली, दिल्लीपर्यंत नाव झालं. दुकानादुकानांतून तिचा आवाज ऐकू आला की मला कोण अभिमान वाटायचा! मी मात्र मांडवामागे धूळ खात पडलो. जत्रेत नवे साउंड बॉक्स आले होते.

२०१९च्या जत्रेत ताईचा सत्कार ठरला. शाल घेण्याआधी तिने मला शोधून काढलं आणि पदराने माझं तोंड पुसलं. तेवढ्यात सुक्या पुढे आला, एकटाच. ताईने आजीची चौकशी केली.

"आय गेली पावसाळ्यात," तो म्हणाला. "शेवटी मलापण ओळखत नव्हती. पण रेडिओवर तुमचा आवाज लागला का बोलायची, गप बसा, आपली बैलवाली बाय बोलते."

मोठमोठे मान मिळवलेली ताई त्या दिवशी माझ्यावर हात ठेवून नुसती उभी राहिली.

मित्रांनो, माझी धूळ कधीमधी झटकलीत तर मला बरंच वाटेल. पण आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांपाशी बसा, त्यांना त्यांच्या गावच्या गोष्टी विचारा. मला नुसतं ओरडता येतं. विचारायचं काम तुमचं आहे.