चन्नप्पांची माफी

बजाबाईनं पिशवी हॉलच्या फरशीवर उपडी केली. जेवणाचा डबा, चष्म्याचं घर, दोन सेफ्टी पिना, पानाची चंची, एक किल्ली. रिकामी पिशवी उलटी करून तिनं झटकलीसुद्धा. मग चार पावलं मागं सरून उभी राहिली.

"आम्ही कुठं झडती घेतोय?" सोफ्यावरून चन्नप्पा म्हणाले. "तुझं तूच केलंस. मी बोललो का काही?"

बोलले नव्हते, हे खरंच. कालपासून ते नुसते सुस्कारे सोडत होते. काही माणसांना चोर म्हणायलासुद्धा दुसऱ्याचं तोंड लागतं, आणि ते तोंड अक्कलकोटहून सकाळच्या एसटीनं आलं होतं. मल्लव्वा, चन्नप्पांची थोरली बहीण. सांत्वनाला आल्या होत्या, म्हणजे बघायला.

"सेटलमेंटातलीच ना ही?" मल्लव्वांनी विचारलं. बजाबाई समोर उभी असताना विचारलं.

"व्हय," बजाबाई म्हणाली. "बारा वरसं हितं फरशी पुसतीया, तवा कुणी इचारलं न्हवतं."

चन्नप्पांच्या गळ्यातलं लिंग, चांदीच्या डबीसकट, रविवारी सकाळी गायब झालं होतं. चांदीचं कुणाला काय पडलंय? पण गळ्यातलं लिंग हरवणं म्हणजे या लिंगायत घरात तोंड दाखवायला जागा नाही. बारशाच्या आधी बांधतात ते माणूस मातीत जाईपर्यंत अंगावरून उतरत नाही. अंघोळीच्या वेळी काढून देवघरात ठेवलं, तेवढ्यात गेलं, असं चन्नप्पांनी सांगितलं. तेव्हा देवघर कोण पुसत होतं, हे त्यांनी सांगितलं नाही. ते त्यांनी इतरांच्या लक्षात येऊ दिलं.

राजेश्वरी, त्यांची सून, जेवणाच्या टेबलाशी बसून त्यांचं पंधरा ऑगस्टचं भाषण लिहीत होती. चन्नप्पा ज्या शाळेचे अध्यक्ष त्याच शाळेत ती इतिहास शिकवायची. तिची नोकरी अजून कायम झाली नव्हती. भाषण दरवर्षी तीच लिहायची आणि चन्नप्पा ते गर्जून वाचायचे. गेल्या वर्षी बजाबाईच्या त्या सेटलमेंटवरच बोलले होते. इंग्रजानं माणसं जन्मतःच गुन्हेगार ठरवली, तारेच्या कुंपणात कोंडली, मेंढरांसारखी हजेरी घेतली, असं म्हणताना त्यांचा आवाज दाटून आला होता. टाळ्या पडल्या होत्या. इंग्रज परवडला म्हणायची पाळी आणणारी माणसं इंग्रजाच्या नावानं फार सुंदर रडतात.

अंघोळीचं ऐकताक्षणीच राजेश्वरीला ते खोटं असल्याचं कळलं होतं. अंघोळीला लिंग कोण काढतं? हॉलमधल्या प्रत्येकाला हे ठाऊक होतं, आणि प्रत्येकजण साप साप म्हणून भुई धोपटत होता. तीही काल पलंगाखाली वाकून आली होती. स्वतःची तिला किळस आली, पण मान वर झाली नाही.

"चौकीत जावं लागणार," चन्नप्पा छताकडं बघत म्हणाले.

बजाबाईचा चेहरा पहिल्यांदा हलला. तिची पायल पोलीस भरतीत पास झाली होती. वर्षभर पहाटे उठून पार्क मैदानावर धावली होती पोरगी. आता नुसती चारित्र्य पडताळणी उरली होती.

"तक्रार नगं मालक," ती म्हणाली. "पोरीचं व्हायचं हाय. काय ती डबी भरून देती म्हयन्याला कापून."

"भरून देते म्हणजे घेतलीच की," मल्लव्वा म्हणाल्या.

बजाबाईनं खाली बसून एकेक वस्तू पिशवीत भरली आणि ती गेली.

दुपारी मागच्या दारी मोटारसायकल थांबली. एमआयडीसीच्या पुढं अक्कलकोट रोडला धाबा चालवणारा सिद्धू उभा होता. त्याच्या हातात नव्या टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी होतं, आणि ते त्यानं दोन्ही हातांवर तोलून धरलं होतं.

"मालकांस्नी द्या वयनी. हात धुवायच्या नळापाशी खुटीला अडकवून ऱ्हायलं."

"कधी?"

"शनवारी. दर शनवारी तितंच अडकवत्यात, मटणाच्या ताटावर बसायच्या आदी. ह्या टायमाला इसरले." त्यानं मान खाली घातली. "मी हात न्हाय लावला. टावेलानंच उचललंय."

श्रावणातला शनिवार. राजेश्वरीनं ते टॉवेलासकट चन्नप्पांच्या खोलीत नेऊन ठेवलं. चन्नप्पांनी दार लावलं, डबी उघडून बघितली, गळ्यात घातली आणि मगच श्वास सोडला. ओशाळतील, असं तिला वाटलं होतं. वेडी आशा.

"अप्पा, बजाबाईला बोलावते. सापडलं म्हणून सांगू."

"सापडलं? कुठं सापडलं म्हणणार?" त्यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं. "मठात कालच कळवलंय मी, चोरीला गेलं म्हणून. संध्याकाळी सोमवार सोडायला स्वामी येतायत. त्यांना काय सांगू?"

ते खोलीत दोन फेऱ्या मारून थांबले. चेहऱ्यावर शहाणपण उगवलं.

"तिनंच आणून टाकलं. घाबरून मागच्या दारी टाकून गेली. आणि आपण मोठ्या मनानं माफ केलं. तक्रार नाही, काही नाही. पोरीची नोकरी पण वाचली. तूच जा, तूच सांग तिला. तुझं बोलणं गोड आहे." आणि मग अगदी सहज, "जुलैत तुझा प्रस्ताव गेलाय ना कायम करायचा?"

वड्याचं तेल वांग्यावर काढायचं, आणि वर वांग्यानं उपकार मानायचे. राजेश्वरीनं स्कूटीची किल्ली घेतली.

सेटलमेंटातलं बजाबाईचं घर दोन खोल्यांचं होतं. पायल दारात बूट घासत होती. तिनं उठून वाट दिली, या म्हणाली नाही.

"तक्रार होणार नाही, बजाबाई," राजेश्वरी उभ्याउभ्याच म्हणाली. "अप्पांनी माफ केलंय."

बजाबाईनं डोळे मिटून हात जोडले. देवाला जोडले असावेत. मग डोळे उघडून विचारलं, "मापी कशाची?"

"म्हणजे... विषय संपला."

"ते झालं. पर मापी कशाची, वयनी?"

पायलचा ब्रश थांबला होता. माणसं जन्मतःच गुन्हेगार ठरवणाऱ्या इंग्रजांच्या कायद्यावर राजेश्वरी वर्गात तासभर बोलायची आणि पोरं गप्प होऊन ऐकायची. इथं दोन बायका उत्तराची वाट बघत होत्या.

"तुम्ही घेतलं नाही, मला माहीत आहे," ती शेवटी म्हणाली. "डबी धाब्यावर राहिली होती. अप्पाच विसरून आले होते."

तिला वाटलं, आता बजाबाई रडेल, निदान शिव्या देईल. बजाबाई नुसती हसली, तेही अर्धवट.

"ह्ये आमाला हितं सांगून काय उपेग? आमाला ठावंच हाय की आमी घेतलं न्हाय. तितं सांगा की."

राजेश्वरी परतली तेव्हा हॉलमध्ये पंगत बसली होती. मधोमध स्वामी, शेजारी चन्नप्पा, समोर मल्लव्वा आणि घराण्यातली आठदहा माणसं. राजेश्वरीच्या सासूबाई गुरम्मा गव्हाच्या खिरीचं, हुग्गीचं पातेलं घेऊन वाढत होत्या. चन्नप्पांची गोष्ट सांगून झालेली दिसत होती, कारण सगळ्यांच्या चेहऱ्यावर एकसारखं कौतुक होतं. चांदीची डबी आता शर्टाच्या बाहेर काढलेली होती.

"क्षमेसारखं भूषण नाही," स्वामी म्हणाले.

"आपली शिकवण, स्वामी." चन्नप्पांनी सुनेकडं पाहिलं आणि आवाज चढवला. सगळ्यांना ऐकू जायला हवं होतं. "काय गं, सांगितलंस ना तिला?"

"सांगितलं," राजेश्वरी म्हणाली. तिनं खुर्चीची पाठ धरली. "तिनं काही घेतलं नव्हतं, डबी तुम्ही शनिवारी धाब्यावर विसरला होता, हे सांगितलं."

पंगतीतले हात पानातच राहिले. चन्नप्पा हसले. सुनेचं डोकं ठिकाणावर नाही, असं सगळ्यांना सांगणारं ते हसणं होतं, आणि दोघंतिघं त्यांच्याबरोबर हसायला तयारही झाले.

"काय बोलतेस? कुठला धाबा?"

"एमआयडीसीच्या पुढचा," गुरम्मा म्हणाल्या. नवऱ्याच्या पानात त्यांनी हुग्गी वाढली, वर तुपाची धार सोडली. "दर शनिवारी तिथंच असतात."

मग त्या पुढच्या पानाकडं सरकल्या आणि स्वामींना विचारलं, "अजून थोडी वाढू?"